न लिहिलेला रेस्ट

आधीच सांगून टाकते. या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, पण ते हसण्यासाठी. रविवारी चहा घेताना नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि दोघं मिळून त्यातल्या चुका काढायचो. कुणाला वळणावर बाई दिसली, कुणाला बंद खोलीतून हाक आली... मी शाळेत गणित शिकवते. आमच्या दाराला कधी लिंबू-मिरची टांगलेली नाही. आता माझीच पाळी आली आहे, तर हसणाऱ्यांनी खुशाल हसावं, त्याची तक्रार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. जे झालं त्याचा अर्थ मला कुणी नीट सांगत नाही, आणि जो तो 'होतं असं कधी कधी' म्हणून मोकळा होतो. या एका वाक्याचा मला भयंकर वैताग आलेला आहे. म्हणून लिहिते आहे.

मी नांदेडला राहते. माहेर चाकूरचं. तिथं आमचं भांड्यांचं दुकान आहे. दुकानात अप्पा आणि धाकटा भाऊ शिवकुमार, घरात अव्वा. आमच्या लिंगायतांत वडलांना अप्पा आणि आईला अव्वा म्हणतात. सोमवारी मठात भजन असायचं, त्यात मी लहानपणापासून पेटी वाजवायचे. कुणी शिकवलं नाही, कानानं उचललं. घरात गाण्याचं अंग दुसऱ्या कुणालाच नाही. अप्पा तर भजनाला येऊन खांबाला टेकून झोपायचे. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे लोकांनी मला 'तुमच्या रक्तातच ताल असणार' वगैरे बरंच ऐकवलं. अप्पांना टाळी धरून आरतीसुद्धा म्हणता येत नाही.

शाळेनं दोन वर्षांपूर्वी कीबोर्ड घेतले. गणितासोबत मुलांना गाणी शिकवायचं काम माझ्याकडे होतंच, पण प्रिन्सिपल मॅडमनी सांगितलं की आता मुलं पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेडच्या परीक्षा देतील, तेव्हा शिकवणाऱ्याकडेही ते सर्टिफिकेट पाहिजे. नसेल तर बाहेरून माणूस आणू. बाहेरून माणूस आला असता तर पगार कमी झाला नसता माझा. पण दिवसभरात तेवढा एकच तास असा होता की ज्यात मला घड्याळाकडे बघावंसं वाटत नव्हतं. तो मला सोडायचा नव्हता.

म्हणून सॅम्युअल सरांकडे जायला लागले. मूळचे उदगीरचे, आयुष्यभर चर्चमध्ये ऑर्गन वाजवला, आता नांदेडला घरीच क्लास घेतात. पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल. माणूस प्रेमळ, पण शिकवायला बसले की कडक. पहिल्याच दिवशी म्हणाले, पेटीवरचं सगळं विसरा मॅडम, इथं कान नंतर, डोळे आधी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. पाच आडव्या रेषा असतात. रेषेवर किंवा दोन रेषांच्या मधे टिकली दिसली की तिच्या जागेवरून स्वर ओळखायचा. हे मला लवकर जमलं. स्केलचंही तसंच. ओळीच्या तोंडाशी एक फ्लॅटचं, म्हणजे कोमल स्वराचं, चिन्ह असलं की ते गाणं एफ मेजरमध्ये, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी चारमध्ये. मग त्यात जिथं जिथं बी हा स्वर येईल तिथं पांढरी सोडून काळी पाच दाबायची. चिन्ह सुरुवातीला, लक्षात शेवटपर्यंत तुम्ही ठेवायचं. सुरुवातीला विसरायचे, मग बोटंच शिकली.

तालाचा हिशेब तर आणखी सोपा. टिकली पोकळ आणि बिनदांडीची असली तर चार मात्रा, पोकळ पण दांडीची असली तर दोन, भरीव आणि दांडीची असली तर एक. दांडीला शेपटी फुटली की अर्धी. चारावर चार लिहिलं असेल तर उभ्या रेघांनी पाडलेल्या प्रत्येक घरात, म्हणजे बारमध्ये, बेरीज चार मात्रांची व्हायला पाहिजे. आणि जिथं काहीच वाजवायचं नाही तिथं रेस्टचं चिन्ह, एक नागमोडी रेघ. रेघ दिसली की मात्रा मोजायची, पण हात उचलून ठेवायचा. लयही वर आकड्यातच दिलेली असते, मिनिटाला किती मात्रा ते. फोनमधल्या मेट्रोनोमवर तो आकडा लावला की तो टकटक करत राहतो.

गणिताच्या बाईला यात अवघड काय? सगळे अपूर्णांक आहेत. मी वहीत न लिहिता तोंडी सोडवायचे. सर खूश होते. पावसाळाभर सगळं छान चाललं. परीक्षेचं गाणं दिलं, एफ मेजर, चारावर चार, मिनिटाला बहात्तर. साधी संथ चाल. दिवाळीच्या आधी ते माझं पाठ होतं.

दिवाळीनंतर बिघडलं.

पहिल्यांदा सरांनीच टोकलं. मी वाजवत होते, ते खिडकीशी उभे होते. वळले आणि म्हणाले, "मॅडम, इथं रेस्ट कुठं लिहिलाय?"

मी म्हटलं, मी थांबलेच नाही. त्यांनी पुन्हा वाजवायला लावलं. पुन्हा तेच. माझ्या मते मी सरळ वाजवत होते. त्यांच्या मते मधेच एका मात्रेला माझा हात हवेत राहत होता आणि पुढच्या मात्रेला पुन्हा पडत होता, जणू तिथं नागमोडी रेघ आहे. आमचा थोडा वादच झाला. शेवटी त्यांनी फोनवर रेकॉर्ड करून ऐकवलं. खरंच होतं. टक, टक, टक... आणि मधे एक मात्रा रिकामी. मेट्रोनोमचा ठोका ऐकू येत होता, माझा स्वर नव्हता.

बरं, चूक असेल तर ती एका जागी असावी ना. कठीण बोट असेल, उडी असेल, तर तिथं माणूस अडतो. माझं तसं नव्हतं. एकदा दुसऱ्या बारमध्ये, एकदा पाचव्यात, कधी पूर्ण ओळ सरळ जायची आणि शेवटच्या घरात खड्डा. सर कागदावर पेन्सिलीनं गोल करत गेले. थोड्याच दिवसांत कागद गोलांनी भरला आणि त्यांनी खोडरबरानं सगळं पुसून टाकलं. म्हणाले, यात काही अर्थ न्हाई, तुम्ही लक्ष देऊन न्हाई राहिल्या.

लक्ष! मी त्या काळात दुसऱ्या कशाकडे लक्षच देत नव्हते. सकाळी स्वयंपाकाच्या आधी वाजवायचे, शाळेतून आल्यावर वाजवायचे. तोंडानं मोजत वाजवलं, पायानं ठोका देत वाजवलं. पाय पण थांबायचा! टाळ्या वाजवून बघितल्या, टाळीसुद्धा मधेच सुटायची. माझ्या मुलीनं ते गाणं एका आठवड्यात शिकून मला वाजवून दाखवलं, आणि कौतुक करायचं सोडून मी तिच्यावर खेकसले. नवरा म्हणाला, जाऊ दे ना, सोड. तेव्हा त्याच्याशीही भांडले. मेंदूचं काही असेल म्हणून नांदेडच्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी हात-पाय, डोळे, सगळं तपासलं आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या.

दिवस जातील तसे खड्डे वाढत गेले. थंडी सुरू झाली तेव्हा अशी वेळ आली की मला सलग दोन ओळी वाजवता येईनात. सर चिडायचे बंद झाले, ते मला जास्त लागलं. एकदा नुसते म्हणाले, पेटीवर बसून बघा बरं, भजन. पेटीवरही तेच झालं. जे मी लहानपणापासून झोपेतसुद्धा वाजवू शकत होते, त्यातही मधेच हात उचलायचा. त्या दिवशी मी घरी येऊन रडले. दुःखानं नाही, संतापानं. आपल्याच हाताला माणूस ओरडणार तरी कसा.

परीक्षेचं केंद्र लातूरला होतं. परीक्षा घेणारे बाहेरून आलेले, शांत गृहस्थ होते. मी तीन ठिकाणी थांबले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि काहीतरी लिहिलं. निकाल नंतर आला, पण खोलीतून बाहेर पडतानाच मला कळलं होतं. नांदेडच्या एसटीत बसले. चाकूर आलं तेव्हा असं वाटलं की आत्ता घरी जाऊन कुणाला काय सांगू... उतरूनच गेले. ठरवून नव्हे. त्या दिवशी माहेरी जायचं काहीच कारण नव्हतं.

दुपारची वेळ होती. दुकानात शिवकुमार एका लग्नाच्या घरच्यांना पातेली दाखवत होता. अप्पा गादीवर बसलेले. मला बघून हसले, पण उठले नाहीत. चेहरा मला मळकट वाटला. विचारलं तर म्हणाले, पित्त झालंय, सकाळी जरा गरगरलं. शिवकुमार मान न वळवता म्हणाला की लई दिवस झाले, गरगरतंच म्हणून राहिलेत, डॉक्टरकडं चला म्हणलं तर ऐकत न्हाईत. मी तशी रोज फोनवर बोलायचे, पण अप्पा फोनवर कधी असलं सांगत नाहीत. जेवलीस का, पोरगी कशी हाय, ठेवतो.

घरी जाऊन पडू या म्हणून मी त्यांना हात दिला. गादीवरून उतरताना त्यांनी माझा हात धरला आणि मी त्यांचं मनगट. माझी बोटं नाडीवर पडली.

इथं मला थोडं सावकाश लिहू द्या.

मी नाडी बघत नव्हते. मला बघता येतही नव्हती. पण बोटांखाली ठोका लागला आणि माझ्या तोंडातून आपोआप मोजणं सुरू झालं. वन, टू, थ्री, फोर, सरांनी लावलेल्या सवयीनं. आणि मोजता मोजता मला तोच खड्डा येताना जाणवला. आधी. ठोका चुकल्यावर नव्हे, चुकायच्या आधी. ते कसं सांगू? सायकलवर उतार येतो तेव्हा पायांना आधी कळतं, तसं काहीतरी. मी म्हटलं, "आता थांबंल." आणि बोटांखालचं थांबलं. एक मात्रा काहीच नाही. मग पुन्हा सुरू.

शिवकुमारनं पातेलं खाली ठेवलं. "अक्का, तू काय करून राहिलीस?"

मी त्याला अप्पांचं दुसरं मनगट धरायला लावलं. त्याला पहिल्यांदा नाडी सापडेना, मग सापडली. मी डोळे मिटून मोजत राहिले. आता, म्हटलं की तो चमकून माझ्याकडे बघायचा. आता. पुन्हा आता. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही, पण एकदाही चुकलं नाही. गिऱ्हाईक बघत उभं. अप्पा दोघांच्या मधे हात पसरून अवघडून उभे, शेवटी वैतागून म्हणाले, "सोडा रे हात, काय लावलंय बाजारात."

ती लय मला पाठ होती. कितीतरी आठवडे माझ्या हातातून तीच निघत होती.

अप्पा दवाखान्याला तयार नव्हते. लग्नसराई आहे, दुकान कोण बघणार, पित्ताची गोळी घेतो, हे सगळं झालं. अव्वा त्यांच्या बाजूनं. ती म्हणाली की परीक्षेत काय झालं त्याचा राग इथं काढू नकोस. मी इतकी भांडले, इतकी भांडले की शेवटी माझं तोंड बंद व्हावं म्हणून ते तयार झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवकुमारनं गाडी काढली आणि आम्ही लातूरला गेलो.

आणि ईसीजी नॉर्मल आला.

काय वाटलं असेल मला! डॉक्टर तरुण होते, समजूतदार होते. कागदाची पट्टी दाखवून म्हणाले, ताई, बघा, एकही ठोका इकडचा तिकडं नाही. अप्पांच्या तोंडावर 'सांगितलं होतं ना' असं स्पष्ट लिहिलेलं. गोळ्या लिहून दिल्या. मी उठलेच नाही. म्हटलं, मला अजून थोडा वेळ मशीन लावून ठेवलेलं पाहिजे. डॉक्टरांनी विचारलं, का? आता त्यांना काय सांगू? कीबोर्ड वाजवताना माझा हात थांबतो म्हणून? मी खोटं बोलले. म्हटलं काल ते माझ्यासमोर बेशुद्ध पडले. शिवकुमारनं माझ्याकडे बघितलं, पण खोडलं नाही. त्याबद्दल मी त्याला जन्मभर मानेन. डॉक्टरांनी अप्पांना आत कॉटवर घेतलं आणि मॉनिटर लावायला सांगितलं.

मी बाहेर बाकावर बसले. मांडीवर पर्स होती. बोटं आपसूक त्या पर्सवर परीक्षेचं गाणं वाजवायला लागली, आणि ते सरळ वाजत होतं. पहिली ओळ सरळ. दुसरी सरळ. इतके दिवस जे जमलं नाही, काल त्या परीक्षेच्या खोलीत जे जमलं नाही, ते आज पर्सवर जमत होतं. मला इतका राग आला की बोटं आवळून बसले. वाटलं, अव्वा म्हणाली तेच खरं. मी नापास झाले आणि त्याचं खापर फोडायला एका म्हाताऱ्या माणसाला दुकानातून उठवून आणलं. थोड्या वेळानं पुन्हा वाजवलं. पुन्हा सरळ. शिवकुमार चहा घेऊन आला. मी म्हटलं, चल, घेऊन जाऊ त्यांना घरी.

चहाचा कप हातात घेतला आणि डाव्या हाताची बोटं पर्सवर होती, ती थांबली. एक मात्रा. मग वाजलं. मग पुन्हा थांबली, दोन मात्रा. मग एकच स्वर, आणि त्यानंतर... पूर्ण घर रिकामं. मी पुढचा स्वर वाजवायचा प्रयत्न करत होते आणि बोट खाली जात नव्हतं. त्या वेळचं मला एवढंच आठवतं की कप फुटला आणि मी आत पळत होते.

नर्स दुसऱ्या पेशंटकडे होती. मी ओरडले, मॉनिटर बघा. तिनं वळून बघितलं. पडद्यावर ओळ सरळ चालली होती, नुसती रेघ. अप्पांचे डोळे वर गेले होते. मला बाहेर काढलं. आत धावपळ झाली... छातीवर दाबलं, इंजेक्शन दिलं. अप्पांचा ठोका पुन्हा सुरू झाला. पुढचं दवाखान्यातल्या इतर लोकांसारखंच. तात्पुरती वायर घातली, मग दोन दिवसांनी छातीत पेसमेकर बसवला. डॉक्टरांनी नंतर समजावलं की हृदयाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्याला मधे मधे पोचतच नव्हता, त्यामुळे एखादा ठोका गळायचा. काही वेळा सगळं व्यवस्थित चालायचं, म्हणून पहिल्या ईसीजीत दिसलं नाही. घरी गेले असते तर वाटेत गाडीत झालं असतं, असं ते म्हणाले. नशीब थोर तुमचं, असंही म्हणाले. मी त्यांना तेव्हा खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हसले नाहीत, आणि म्हणाले, होतं असं कधी कधी.

मी नांदेडला परत आले आणि दोन-चार दिवस कीबोर्डवरचं कापड काढलं नाही. मग एका सकाळी काढलं. गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजलं, एकही खड्डा नाही. मेट्रोनोम लावून वाजवलं, न लावता वाजवलं. सरांकडे गेले. ते पेन्सिल हातात घेऊन बसले होते, ती त्यांनी कानावर परत ठेवली.

त्यांना सगळं सांगितलं. श्रद्धाळू माणूस, रविवार न चुकवणारा, मला वाटलं काहीतरी देवाधर्माचं बोलतील. उलट त्यांनी मला सरळ उत्तर काढून दिलं. म्हणाले, तुमचा कान तयार आहे. रोज वडलांशी फोनवर बोलता. दम लागलेला माणूस बोलताना अडतो, श्वास तुटतो. तुम्हाला कळलं नाही, कानाला कळलं, तेच हातात उतरलं. मला ते खूप पटलं. दोन दिवस बरं वाटलं. मग विचार केला – ठोका चुकायच्या आधी मी कशी सांगत होते? आणि दवाखान्यात तर मी बाहेर होते, मधे भिंत होती, अप्पा बोलत नव्हते. हे सरांना विचारलं तर त्यांनी पुस्तकाचं पुढचं पान उघडलं.

दाखवायला पुरावा म्हणाल तर तोही नाही. माझी सगळी रेकॉर्डिंग मी दिवाळीनंतर वैतागून उडवत गेले होते, आणि सर तर फोन भरतो म्हणून रोज साफ करतात. असती तर कुणाला तरी ऐकवली असती. आता माझं तोंडी सांगणं आणि शिवकुमारचं. शिवकुमार हल्ली म्हणतो, योगायोग अक्का. त्या दिवशी माझ्याकडे तो जसा बघत होता, ते तो विसरला असावा किंवा त्याला विसरायचं असावं. अप्पांना तर काही ऐकायचंच नाही. छातीवरचा उंचवटा चाचपून गिऱ्हाइकाला सांगतात की आमच्या पोरीनं बळंच बसवला.

परीक्षा मी पुन्हा दिली. पास झाले, मार्क चांगले पडले. शाळेतला तास माझ्याकडेच राहिला. इथं हे संपायला पाहिजे होतं, आणि संपलं असतं तर मी लिहिलंही नसतं. नवऱ्याला सांगून, वाद घालून सोडून दिलं असतं.

या उन्हाळ्यात पुन्हा सुरू झालंय.

या वेळी रेस्ट नाही. या वेळी उलटं आहे. एखादा स्वर त्याच्या मात्रेच्या आधीच पडतो, घाईनं, दचकल्यासारखा, आणि पुढच्याला मग उशीर होतो. पहिल्यांदा झालं त्या क्षणी मी कीबोर्ड बंद करून चाकूरला फोन लावला. अप्पांना लातूरला नेऊन छातीतलं मशीन तपासून आणलं, एकदम ठीक. अव्वाची तपासणी केली. नवऱ्याची केली, मुलीची केली, माझी केली. शिवकुमारनं आधी शिव्या घातल्या आणि मग निमूटपणे ईसीजी काढून मोबाइलवर पाठवला. सगळ्यांचं नॉर्मल. पण मी आता नॉर्मलवर विश्वास ठेवत नाही, म्हणून अप्पा-अव्वा दोघांची दिवसभर मशीन लावून तपासणी केली, तीही नॉर्मल. मैत्रिणींचे हात धरते. शाळेत मुलं रांगेत उभी असतात तेव्हा हजेरी घ्यायचं निमित्त करून मनगटं धरते. स्टाफरूममध्ये माझ्याबद्दल काय बोलतात ते मला माहीत आहे.

मागच्या आठवड्यात क्लासला वाजवत होते. सरांनी टोकलं नाही. मी दोनदा घाई केली, त्यांनी ऐकलं, मला ते दिसलं. गाणं संपल्यावर ते खुर्ची ओढून समोर बसले. शर्टाची बाही वर केली आणि हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

मी बराच वेळ धरून बसले. त्यांची नाडी सरळ होती, मेट्रोनोमसारखी. त्यांनी विचारलं, "न्हाई ना?"

"न्हाई."

"मग वाजवा," म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून."

मी रोज वाजवते. रोज होतं. कुणाचं आहे ते कळत नाही, आणि ज्याचं असेल त्याला काय सांगू तेही कळत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून इच्छा होतेय की मला नुसतं वाजवताच येत नसावं, दुसरं काही नसावं.